मायकेल फॅरेडे: सोन्याला लाल रंगात पाहणारा बुकबाइंडर

सोन्याचा रंग कोणता? पिवळा, हे सांगायला सराफाची गरज नाही. पण तेच सोनं खूप बारीक केलं, इतकं बारीक की एकेक कण केसाच्या जाडीपेक्षा काही हजार पट लहान होईल, तर पाण्यात ते माणकासारखं लाल दिसतं. सोनं तेच असतं, त्यात दुसरं काही मिसळलेलंही नसतं. बदललेला असतो तो फक्त कणांचा आकार.

हे आज आठवण्याचं कारण सौरऊर्जा. सिलिकॉनच्या पॅनेलपलीकडे जाऊन सूर्यप्रकाश वापरणारे नवे पदार्थ जगभर शोधले जात आहेत. त्यातला एक आहे बिस्मथ ऑक्साइड ही पिवळसर पूड. तिचे नॅनोकण, नॅनोतारा किंवा पातळ थर बनवले की ती कोणता प्रकाश शोषते आणि कोणता सोडून देते, ते बदलतं. पदार्थ तोच, आकार वेगळा, प्रकाशाशी वागणूक वेगळी. या संशोधनाचा पायाच हा आहे.

ही गोष्ट प्रयोगशाळेत पद्धतशीरपणे तपासणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक म्हणजे मायकेल फॅरेडे. डायनामो आणि मोटरच्या गोष्टीत आपण त्यांना शाळेत भेटतो. पण बिस्मथ, अर्धवाहक आणि सोन्याचे नॅनोकण या तिन्हींशी त्यांचा संबंध आला होता, आणि तोही नॅनो हा शब्द विज्ञानात येण्याच्या कितीतरी आधी. त्यातलं सोन्याचं काम त्यांनी पासष्टीच्या घरात केलं, स्मरणशक्ती साथ सोडत असताना.

लोहाराचा मुलगा, पेपर टाकणारा पोरगा

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथे मायकेलचा जन्म झाला. वडील जेम्स लोहारकाम करायचे, पण तब्येत साथ देत नसे, त्यामुळे घरात पैशांची कायम ओढाताण. चार भावंडांत मायकेल तिसरा. शाळा म्हणजे लिहायला, वाचायला आणि थोडं गणित यायला लागेल इतपतच. हे गणिताचं अपुरेपण त्याला आयुष्यभर पुरलं. मोठेपणी त्याच्या शोधनिबंधांत समीकरणं जवळजवळ सापडतच नाहीत.

घरचे सँडेमनियन या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. साधं राहायचं, संपत्ती साठवायची नाही, मानमरातबाच्या मागे लागायचं नाही, ही या पंथाची शिकवण. पुढे फॅरेडे यांनी जे अनेक नकार दिले, त्यांचं मूळ इथे आहे.

१८०४ मध्ये मायकेल जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. काम काय, तर गिऱ्हाइकांकडे वर्तमानपत्रं पोहोचवायची आणि परत आणायची. वर्षभरात मालकाने त्याला बुकबाइंडिंग शिकायला घेतलं. सात वर्षांची उमेदवारी होती. पानं शिवायची, पुठ्ठा चढवायचा, कातड्यावर सोन्याच्या वर्खाने अक्षरं उठवायची, असं हे काम.

बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेलं पुस्तकही त्याच्या हाती आलं. वाचलेलं खरं आहे का, हे परवडेल तेवढ्या सामानात करून पाहायची सवय त्याला तेव्हापासून लागली. रिबो हा माणूसही दिलदार. पोरगा कामाच्या वेळेत वाचतो म्हणून त्याने त्याला कधी झिडकारलं नाही.

१८१० पासून मायकेल जॉन टेटम यांच्या विज्ञानावरच्या व्याख्यानांना जाऊ लागला. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग. ती भरायचा मोठा भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकाम करत होता.

तीनशे पानांची वही

१८१२ मध्ये दुकानातल्या विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. वक्ते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळचे इंग्लंडमधले सर्वात नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने प्रत्येक व्याख्यानाची टिपणं घेतली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या आणि सुमारे तीनशे पानांची ती वही स्वतःच्या हाताने बांधली. डिसेंबरमध्ये ती डेव्हींना पाठवली आणि सोबत विज्ञानाशी संबंधित काहीही काम मिळेल का, अशी विनंती केली.

नशिबाने वेळ साधली. एका स्फोटात डेव्हींच्या डोळ्यांना इजा झाली होती आणि त्यांना काही दिवस लेखनिक लागला होता. ते काम मायकेलला मिळालं. मग १८१३ च्या सुरुवातीला प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकलं गेलं आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेल त्या जागी रुजू झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग, वर राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या, शेकोटीला कोळसा आणि उजेडाला मेणबत्त्या. पुढची जवळपास ५० वर्षं त्यांचं कामाचं ठिकाण हेच राहिलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि फॅरेडे मदतनीस म्हणून सोबत गेले. डेव्हींचा नोकर ऐनवेळी आला नाही, म्हणून ते कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. लेडी डेव्हींनी दीड वर्षाच्या त्या प्रवासात त्यांना नोकरासारखंच वागवलं. हा अपमान त्यांना इतका बोचला की सगळं सोडून परत जावं असंही त्यांच्या मनात येत होतं. पण पॅरिसमध्ये अँपियर भेटले, मिलानमध्ये विजेची बॅटरी शोधणारे वृद्ध व्होल्टा भेटले, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळण्याचा प्रयोग करायला मिळाला. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या तरुणासाठी हा प्रवासच विद्यापीठ ठरला.

गुरूशी बिनसलं

१८२१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचं. जूनमध्ये सारा बर्नार्ड यांच्याशी लग्न झालं. सप्टेंबरमध्ये त्यांनी पाऱ्याच्या भांड्यात विजेची तार चुंबकाभोवती गोल फिरत राहील अशी रचना केली. विजेच्या मोटरचं हे पहिलं रूप.

पण या यशाने डोकेदुखीच जास्त दिली. विल्यम वुलस्टन आणि डेव्ही याच प्रश्नावर आधी विचार करत होते आणि फॅरेडे यांनी निबंध छापताना त्यांचा उल्लेख केला नव्हता. वुलस्टन यांना भेटायचा त्यांनी प्रयत्न केला होता, पण ते गावाबाहेर होते. आता कुजबुज सुरू झाली की मदतनिसाने मोठ्यांची कल्पना उचलली. खरं तर वुलस्टन यांच्या मनात होता तो प्रयोग वेगळा होता. पण ज्याच्या मागे ना घराणं ना पदवी, त्याच्यासाठी असा आरोप म्हणजे नाव कायमचं पुसलं जाण्याची भीती.

१८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरेडे यांचं नाव पुढे आलं, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच त्याला विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये ते निवडून आले. गुप्त मतदानात विरोधात फक्त एक मत पडलं. यानंतरही फॅरेडे यांनी डेव्हींबद्दल जाहीरपणे कधी वावगं बोलल्याचं दिसत नाही.

पुढच्या काळात कामांची रांगच लागली. १८२५ मध्ये त्यांनी बेंझीन शोधलं. त्याच सुमारास दुर्बिणींसाठी चांगली काच बनवायचं किचकट सरकारी काम अंगावर आलं. त्यात काही वर्षं गेली आणि काच काही मनासारखी झाली नाही. पण त्या भट्टीतून शिसं असलेल्या जड काचेचे काही तुकडे उरले. ते त्यांनी जपून ठेवले. पुढे त्यांचा उपयोग होणार होता.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडाच्या कड्यावर गुंडाळलेल्या दोन तारांच्या वेटोळ्यांतून त्यांना विद्युतचुंबकीय प्रवर्तन सापडलं. तुमच्या घरातली वीज धरणावरून येत असो, औष्णिक केंद्रातून वा पवनचक्कीतून, ती याच तत्त्वाने बनते. अपवाद एकच मोठा, तो म्हणजे सौर पॅनेल. त्यात काहीच फिरत नाही. प्रकाश पडतो आणि वीज निघते.

उलटं वागणारा पदार्थ

सौर पॅनेलची गोष्ट जिथे सुरू होते, तिथेही फॅरेडे आहेत. १८३३ मध्ये ते वेगवेगळ्या पदार्थांतून वीज कशी वाहते ते तपासत होते. धातू तापवला की त्यातून वीज वाहायला अडथळा वाढतो, हे तेव्हा माहीत होतं. पण सिल्व्हर सल्फाइड दिव्यावर धरलं तर उलटंच घडलं. ते जसं तापलं तशी त्यातून वीज अधिक सहज वाहू लागली, आणि थंड झाल्यावर पुन्हा अडली.

असं का, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. असणं शक्यही नव्हतं, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून ६० हून अधिक वर्षं होती. त्यांनी निरीक्षण नीट नोंदवलं आणि वेगळा प्रकार म्हणून जगासमोर ठेवलं. आज आपण अशा पदार्थांना अर्धवाहक म्हणतो. सिलिकॉन अर्धवाहक आहे आणि बिस्मथ ऑक्साइडही.

याच दशकात, १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये एडमंड बेकरेल या १९ वर्षांच्या तरुणाने द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडल्यावर वीज निर्माण होते, हे दाखवलं. प्रकाशातून थेट वीज मिळण्याचा हा पहिला पुरावा. दोन धागे तयार होते, पण ते एकत्र विणायला अजून शतकभर लागणार होतं.

बिस्मथची कांडी आडवी का झाली

१८३९ च्या शेवटी फॅरेडे कोसळले. चक्कर, डोकेदुखी आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे विसरणं. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. १८४१ मध्ये सारा त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेल्या. पुढची काही वर्षं मोठं संशोधन जवळपास थांबलं होतं.

ते परतले १८४५ मध्ये, आणि तेही कसे. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा काहीतरी संबंध असलाच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. अनेक पदार्थ वापरून पाहिले, हाती काही लागलं नाही. मग फळीवर वर्षानुवर्षं पडून असलेला जड काचेचा तुकडा आठवला. १३ सप्टेंबर रोजी तो चुंबकाजवळ ठेवून त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला, आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरली. चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे पहिल्यांदाच सिद्ध झालं. दुर्बिणीसाठी वाया गेलेली काच अशी कामाला आली.

मग नोव्हेंबरमध्ये त्यांनी तीच काच चुंबकाच्या दोन टोकांमध्ये दोऱ्याने टांगली. लोखंडाचा तुकडा असता तर तो टोकांच्या रेषेत वळला असता. काच आडवी झाली, जणू चुंबक तिला ढकलत होता. मग त्यांनी हाताला लागेल ते टांगून पाहिलं. लाकूड, मांस, सफरचंद, सगळंच थोडंफार आडवं व्हायचं. आणि सगळ्यांत ठळकपणे आडवी झाली ती बिस्मथची कांडी.

बिस्मथ हा शिशाच्या शेजारचा जड, ठिसूळ, किंचित गुलाबी झाक असलेला धातू. चुंबक त्याला दूर लोटतो, हे १८ व्या शतकातच एका डच अभ्यासकाला दिसलं होतं, पण ती एक गंमत म्हणून मागे पडली होती. फॅरेडे यांनी दाखवलं की हा बिस्मथचा एकट्याचा विक्षिप्तपणा नाही, पदार्थमात्रांत पसरलेला गुण आहे. त्याला आपण प्रतिचुंबकत्व म्हणतो.

या धातूबद्दल आजच्या संशोधकांना वेगळ्याच कारणाने आकर्षण आहे. शिसं विषारी आहे. बिस्मथ वजनाने त्याच्या जवळपास, पण शरीराला त्या मानाने फारच कमी घातक. पोटाच्या काही औषधांत त्याची संयुगं वापरलीही जातात. म्हणून शिशाऐवजी बिस्मथ वापरता येईल का, हा प्रश्न सौर पदार्थांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा येतो.

पासष्टीतला प्रयोग

१८५६ उजाडलं तेव्हा फॅरेडे ६४ वर्षांचे होते. नाव जगभर झालेलं, पण विसरणं वाढत चाललेलं. काल केलेला प्रयोग आज आठवेल याची खात्री नाही. यावर त्यांचा उपाय म्हणजे वही. १८३२ पासून ते प्रत्येक नोंदीला क्रमांक देत आले होते. ही संख्या शेवटी १६ हजारांच्या पुढे गेली. मन जे धरून ठेवू शकत नव्हतं, ते वही धरून ठेवत होती.

या वयात त्यांनी घेतलेला प्रश्न सोपा वाटतो. प्रकाश हा तरंग आहे आणि त्या तरंगाला ठरावीक लांबी आहे. मग पदार्थाचा तुकडा त्या लांबीपेक्षाही लहान केला, तर प्रकाश त्याच्याशी कसा वागेल?

यासाठी त्यांनी सोनं निवडलं, कारण सोन्याइतका पातळ ठोकता येणारा धातू नाही. मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपण पाहतो, तसाच सोन्याचा वर्ख. त्यांच्या हिशेबाने त्याची जाडी इंचाच्या २,८२,००० व्या भागाएवढी होती. आजच्या मापात सुमारे ९० नॅनोमीटर. म्हणजे प्रकाशाच्या एका तरंगाच्या पाचव्या ते आठव्या हिश्शाएवढी. वर्ख समोरून पिवळा दिसतो, पण उजेडाकडे धरून आरपार पाहिलं तर हिरवा.

त्यांना याहून पातळ सोनं हवं होतं. मग त्यांनी सोन्याच्या क्षाराचं पातळ द्रावण घेतलं आणि फॉस्फरसच्या मदतीने त्यातून शुद्ध सोनं वेगळं केलं. पृष्ठभागावर सोन्याचा पापुद्रा धरायचा आणि खालचं पाणी हळूहळू माणकासारखं लाल व्हायचं.

हे पाणी नुसतं रंगीत द्रावण आहे, असं कुणीही म्हटलं असतं. फॅरेडे यांनी त्यात प्रकाशाचा झोत सोडला. साखरेच्या पाण्यातून झोत आरपार जातो आणि बाजूने दिसत नाही. या लाल पाण्यात मात्र झोताची वाट उजळून निघाली, अंधाऱ्या खोलीत कवडशातली धूळ चमकते तशी. म्हणजे सोनं विरघळलेलं नव्हतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात तरंगत होतं. मग त्यांनी त्यात मीठ टाकलं. पाणी लालाचं निळं झालं. सोनं तेवढंच होतं. त्यांनी अंदाज बांधला की कण एकमेकांना चिकटून मोठे झाले आणि म्हणून रंग बदलला.

५ फेब्रुवारी १८५७ रोजी हे काम रॉयल सोसायटीत वाचलं गेलं. मूळ प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळालं नाही, हे त्यांनी लपवलं नाही. त्यांच्या काळातल्या कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून ते कण दिसणं शक्य नव्हतं. पण आकार बदलला की प्रकाशाशी नातं बदलतं, हे त्यांनी प्रयोगाने पक्कं केलं. त्यांनी बनवलेल्या सोन्याच्या द्रवाच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही रंग टिकून आहे.

मग रंग बदलतो कसा?

सोन्याच्या बाबतीत उत्तर १९०८ मध्ये गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने गणिताने दिलं. सोप्या भाषेत सांगायचं तर धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण पुरेसा लहान असेल तर प्रकाशाचा तरंग त्या सगळ्या इलेक्ट्रॉनांना एकत्र हिंदकळवतो, परातीत पाणी हिंदकळावं तसं. सोन्याच्या बारीक कणांत हे हिंदकळणं हिरव्या प्रकाशाशी जुळतं. हिरवा शोषला जातो, लाल पलीकडे जातो. कण एकमेकांना चिकटले की ही जुळणी लाल प्रकाशाकडे सरकते आणि पाणी निळं दिसू लागतं.

बिस्मथ ऑक्साइडची यंत्रणा वेगळी आहे, कारण तो धातू नाही, अर्धवाहक आहे. त्यातले इलेक्ट्रॉन बांधलेले असतात. मोकळं व्हायला त्यांना एक उडी मारावी लागते. या उडीच्या उंचीला बँड गॅप म्हणतात. प्रकाशाच्या कणात तेवढी ऊर्जा असेल तरच उडी जमते, नाहीतर प्रकाश तसाच निघून जातो. साध्या तापमानाला स्थिर असणाऱ्या बिस्मथ ऑक्साइडमध्ये ही उडी साधारण २.८ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे. म्हणजे जांभळा आणि निळ्याचा काही भाग शोषला जातो, बाकीचा परत येतो. ही पूड पिवळी दिसते ती त्यामुळेच.

आता इथे फॅरेडे यांचा धडा लागू होतो. कण काही नॅनोमीटरचा झाला की इलेक्ट्रॉनला वावरायला जागा कमी पडते आणि उडीची उंची वाढते. स्फटिकाची रचना बदलली तरी ती बदलते. बिस्मथ ऑक्साइडच्या दुसऱ्या एका स्फटिकरूपात उडी लहान असते, त्यामुळे सूर्यप्रकाशाचा आणखी थोडा भाग वापरता येतो. शिवाय कण लहान असला की आत मोकळा झालेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत लवकर पोहोचतो. नाहीतर तो वाटेतच आपल्या रिकाम्या जागेत परत पडतो आणि मिळालेली ऊर्जा वाया जाते. बिस्मथ ऑक्साइडची आजची मोठी अडचण हीच आहे. म्हणूनच पॅनेलपेक्षा सध्या त्याचा विचार जास्त होतो तो उन्हाच्या मदतीने सांडपाण्यातले रंग तोडण्यासाठी आणि पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यासाठी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही बिस्मथ ऑक्साइडच्या पातळ थरांवर संशोधन झालेलं आहे.

सोन्याचा आणि बिस्मथ ऑक्साइडचा हिशेब वेगळा असला तरी दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच: पदार्थ कोणता आहे एवढंच नाही, तो केवढा आहे?

नकारांची यादी

एवढं करून फॅरेडे यांनी कमावलं काय? पैशांच्या दृष्टीने फारसं नाही. उद्योगांना सल्ला देऊन ते श्रीमंत होऊ शकले असते, पण संशोधनाचा वेळ जातो म्हणून १८३० च्या दशकात त्यांनी ते काम जवळपास बंद केलं. सरकारी पेन्शनची गोष्ट निघाली तेव्हा पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न अशा पेन्शनींबद्दल त्यांच्यासमोरच उद्धटपणे बोलले. फॅरेडे यांनी पेन्शन नाकारली. मेलबर्न यांनी माफी मागितल्यावरच वर्षाला ३०० पौंडांची ती रक्कम त्यांनी स्वीकारली. सर ही पदवी त्यांनी घेतली नाही. ज्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनी एकेकाळी त्यांना दारातच अडवायचा प्रयत्न केला, त्याच सोसायटीचं अध्यक्षपद त्यांना दोनदा देऊ केलं गेलं आणि दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी नाकारली नाही, ती म्हणजे शिकवणं. नाताळात मुलांसाठी त्यांनी १९ व्याख्यानमाला दिल्या. त्यातली मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावरची माला पुस्तकरूपाने आजही वाचली जाते. एक शिलिंगासाठी भावाकडे हात पसरावा लागलेल्या माणसाला दारात उभ्या असलेल्या मुलाची किंमत माहीत होती.

१८५७ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञाने आपला निबंध त्यांना पाठवला. फॅरेडे यांच्या बलरेषांची कल्पना त्यात गणितात मांडली होती. आधी ते एवढं गणित पाहून दचकले, मग आपली कल्पना त्यात तग धरून आहे हे पाहून सुखावले. गणितज्ञांनी आपले निष्कर्ष आमच्यासारख्यांना कळतील अशा साध्या भाषेतही मांडावेत, अशी विनंती त्यांनी मॅक्सवेल यांना पत्रातून केली.

शेवटचा प्रयोग

१८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट इथे त्यांना राहायला घर दिलं. १२ मार्च १८६२ रोजी त्यांनी शेवटचा नोंदवलेला प्रयोग केला. ज्योतीचा प्रकाश चुंबकाच्या टोकांमध्ये धरून वर्णपटातल्या रेषा हलतात का, हे पाहिलं. काहीच हललं नाही. वहीत तेवढीच नोंद झाली.

पुढे १८९६ मध्ये नेदरलँड्समध्ये पीटर झीमन यांनी तोच प्रयोग अधिक चांगल्या साधनांनी केला. फॅरेडे यांनी हा प्रयत्न केला होता, एवढं वाचूनच त्यांना तो पुन्हा करावासा वाटला होता. या वेळी रेषा रुंदावल्या. त्या कामाला १९०२ चं नोबेल मिळालं. प्रश्न बरोबर होता, उपकरण अपुरं होतं.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी फॅरेडे यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन व्हायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. हायगेटच्या दफनभूमीत साध्या दगडाखाली ते विसावले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मागे राहिल्या सारा, क्रमांक घातलेल्या नोंदींच्या वह्या आणि रॉयल इन्स्टिट्यूशनच्या कपाटात लाल पाण्याच्या काही बाटल्या.

आज कुठल्याही प्रयोगशाळेत एखादा विद्यार्थी बिस्मथ ऑक्साइडचा नवा नमुना बनवतो, तेव्हा त्याची पहिली तपासणी बहुधा हीच असते: यातून प्रकाश सोडा, कुठला रंग शोषला गेला ते पाहा, आणि वहीत लिहा.